बाळ काचेच्या पेटीत असताना: आमच्या सेवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्ही बसून तयार केलेले नाहीत. बहुतेक रात्री दोन-तीनच्या सुमाराला मेसेजवर आलेत, आणि पुष्कळांत टायपिंगच्या चुका होत्या, कारण लिहिणारीच्या एका हातात दूध काढायचा पंप होता. शब्द शक्य तितके तसेच ठेवलेत. ओळीने वाचायची गरज नाही, आज जो प्रश्न पडलाय तेवढाच वाचा. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून क्रमांक दिलेत.

1. तुम्ही नेमकं काय करता?

आम्ही ख्रिस्ती स्वयंसेवक. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराबाहेर जे आई-वडील बसलेले असतात त्यांच्याजवळ जाऊन बसतो. आत बाळाकडे बघायला डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, यंत्रं आहेत. बाहेर बऱ्याचदा कोणीच नसतं.

बाकी कामं साधी आहेत. जेवणाचा डबा आणणं, घरी राहिलेल्या मोठ्या भावंडाला दोन तास सांभाळणं, गाडीने ने-आण करणं, टाके ओले असलेल्या आईसाठी व्हीलचेअर शोधून आणणं. डॉक्टर राउंडला येण्याआधी मनातले प्रश्न वहीत उतरवून द्यायला बसणं हे त्यातलं सगळ्यात उपयोगी काम असं माझं मत. डॉक्टर समोर आले की डोकं रिकामं होतं, हे मी स्वतः अनुभवलंय. प्रार्थनाही करतो, पण विचारून. "आज नको" म्हणालात तर नाही करत, आणि डबा तरीही येतो.

पैसे आम्ही घेत नाही. उपचारांचा खर्च उचलण्याएवढी आमची ऐपतही नाही. त्यासाठी रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल तर तिथपर्यंत सोबत येतो.

2. आम्ही ख्रिस्ती नाही. तरी याल का? नंतर चर्चला या म्हणाल का?

येऊ. आणि नाही, म्हणणार नाही. ज्याचं बाळ व्हेंटिलेटरवर आहे तो माणूस त्या घटकेला कशालाही हो म्हणेल. अशा वेळी मिळवलेला होकार हा होकारच नव्हे. म्हणून आमच्या स्वयंसेवकांना पत्रकं, पुस्तिका वाटायला मनाई आहे. कोणी तसं केलं तर आम्हाला कळवा. तुम्हाला तुमच्या पद्धतीने प्रार्थना करायची असेल तर आम्ही शांत बसून राहू किंवा उठून बाहेर जाऊ, तुम्ही सांगाल तसं.

3. तुमच्यात डॉक्टर किंवा नर्स आहेत का? रिपोर्ट पाठवला तर बघाल का?

काही जणी निवृत्त नर्स आहेत, पण इथे त्या नर्स म्हणून येत नाहीत. रिपोर्ट पाठवू नका. बाळ समोर न बघता आम्ही काही बोललो आणि तुमचा तुमच्या डॉक्टरांवरचा विश्वास डळमळला, तर नुकसान बाळाचं. रिपोर्टमधला शब्द कळला नाही तर तो वहीत लिहा आणि राउंडला विचारा. "सोप्या भाषेत पुन्हा सांगाल का?" हे विचारायला लाजायचं कारण नाही. तीनदा विचारलंत तरी चालतं.

4. कमी दिवसांचं बाळ म्हणजे किती कमी? आणि आमची मुलगी तर पूर्ण दिवसांची आहे, मग ती आत का?

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. 32 ते 37 मधली बाळं बरीचशी सावरलेली असतात, 28 ते 32 मधल्यांना जास्त आधार लागतो, आणि 28 च्या आतल्यांची लढाई सगळ्यात अवघड. तुम्ही एकटे नाही, हे आकड्यातच सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं अशी जन्मली. दहात एक.

पूर्ण दिवसांची बाळंही आत असतात. जंतुसंसर्ग, जास्त वाढलेली कावीळ, हृदयाचा दोष, जन्मताना प्राणवायू कमी पडणं. या शेवटच्या कारणासाठी काही बाळांचं अंग मुद्दाम थंड ठेवतात, साधारण 33 ते 34 अंश सेल्सियस, सलग 72 तास, म्हणजे मेंदूची पुढची हानी कमी व्हावी. हे आधी माहीत नसलेल्या आईने बाळाला हात लावला आणि ते गार लागलं, तर तिचं काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून इथे लिहून ठेवतेय: गार लागेल, ते उपचाराचाच भाग आहे, आणि नंतर हळूहळू ऊब परत आणतात.

5. मॉनिटर सारखा वाजतो. दर वेळी पोटात गोळा येतो. सिस्टर मात्र शांतपणे बटण दाबून निघून जातात. त्यांना काही वाटत नाही का?

वाटतं. पण त्या आधी बाळाचा रंग आणि छाती बघतात, मग स्क्रीन. बाळाने पाय झटकला आणि पायाला लावलेला सेन्सर हलला तरी अलार्म होतो. अपुऱ्या दिवसांची बाळं मधेच श्वास घ्यायची विसरतातही. 20 सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा ठोके मंदावले, रंग बदलला, तर ते दखल घेण्यासारखं. पुष्कळदा पाठीवर जरा चोळलं की बाळ पुन्हा श्वास घेतं.

आणखी एक. ऑक्सिजनचा आकडा 100 का नाही म्हणून बरेच जण काळजी करतात. बाहेरून ऑक्सिजन चालू असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो मुद्दामच साधारण 90 ते 95 च्या दरम्यान ठेवतात, कारण जादा ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. तुमच्या बाळासाठी कोणता आकडा ठरवलाय ते विचारून वहीत लिहा. मग स्क्रीनकडे बघणं थोडं सुसह्य होतं. थोडंच.

6. मी तिला हात लावला तर तिला त्रास होईल का?

कसा लावता त्यावर आहे. फार लवकर आलेल्या बाळाला कुरवाळणं, थोपटणं सहन होत नाही. त्वचा पातळ असते, प्रत्येक स्पर्श जास्त वाटतो. अंगठ्या-घड्याळ काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, हात गरम करून घ्या. मग एक तळवा डोक्याशी आणि एक पायांशी, नुसता ठेवायचा. हलवायचा नाही. सुरुवातीला तिचा ऑक्सिजन जरा खाली येईल, मग स्थिरावेल. तो स्थिरावताना बघणं ही त्या दिवसांतली मला मिळालेली पहिली चांगली गोष्ट होती.

डॉक्टर हो म्हणाले की कांगारू पद्धत सुरू करा: बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून पांघरूण. ही पद्धत कोलंबियात बोगोटा इथे 1978 मध्ये डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली, कारण तिथे पेट्या अपुऱ्या होत्या आणि एका पेटीत एकापेक्षा जास्त बाळं ठेवावी लागत. नाइलाजातून निघालेली गोष्ट पुढे उत्तम ठरली. 2022 च्या शिफारशींत जागतिक आरोग्य संघटना सांगते की शक्य तितक्या लवकर सुरू करा आणि दिवसाला 8 ते 24 तास करा. एवढा वेळ बसायचं तर आईला पाणी कोणीतरी हातात द्यावं लागतं. ते आम्ही देतो.

7. दूध थेंबभरच येतंय. माझ्या टेन्शनमुळे का?

तुमची चूक नाही. शरीराला अजून बाळंतपणाची अपेक्षाच नव्हती. चोवीस तासांत 8 वेळा किंवा जास्त, रात्रीही, काढत राहा. पहिल्या चिकाचे थेंब वाया जात नाहीत. नळीने नाही तर तोंडाच्या आतून लावून ते बाळाला देतात. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या आसपास जमू लागतो, तोवर नळीच असणार.

काही जणींना सगळं करूनही दूध येत नाही. त्यांना हे उत्तर वाचून अजून वाईट वाटू नये म्हणून सांगते: बाळ तुमचंच राहतं.

8. नवरा काहीच बोलत नाही. रोज येतो, काचेतून बघतो, कामावर जातो.

वडिलांना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "ती कशी आहे?" तो कसा आहे हे कोणी विचारत नाही. आमच्यात काही बाबा आहेत जे याच दाराबाहेर बसले होते. त्यांतला एक जण तुमच्या नवऱ्याला फक्त चहाला नेईल. बोलला तर बोलला. एरवी बाळाला छातीवर घ्यायला त्यालाही सांगा (प्रश्न 6). बरेच बाबा त्या खुर्चीत पहिल्यांदा रडतात.

तुम्हाला किंवा त्याला झोपच नाही, छातीत धडधड, जगण्याची इच्छा नाही असं होत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. हा विश्वासातला कमकुवतपणा नाही. आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

9. प्रार्थना जमतच नाही. खरं सांगायचं तर देवाचा राग येतो.

मग राग करा. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तक्रार आहे, आणि ते अंधारातच संपतं. शेवटी "तरीही मी तुझी स्तुती करीन" असलं काही नाही. ते बायबलमधून कोणी काढून टाकलेलं नाही. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. मला तेव्हा फक्त "प्लीज" एवढंच जमायचं. लिफ्टमध्ये, जिन्यावर, हात धुताना.

10. सासूबाई म्हणतात कोणाच्या तरी पापाची शिक्षा आहे. आमच्या पाळकांनीही दावीदाच्या बाळाची गोष्ट सांगितली.

या प्रश्नावर मला राग आवरावा लागतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आई-बापांचं? येशू सांगतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. दावीदाच्या पापामुळे त्याचं बाळ गेलं ती गोष्ट (2 शमुवेल 12) एका राजाची, एका खुनाची आहे, आणि ती सांगायला नाथान संदेष्टा पाठवला गेला होता. रुग्णालयाच्या व्हरांड्यात येणाऱ्यांपैकी कोणी नाथान नाही.

वैद्यकीय उत्तरही घ्या: लवकर बाळंतपणाचं कारण पुष्कळदा सापडतच नाही. जिने चढलात, कामावर गेलात, भांडलात, त्यामुळे झालं असं मानायचं कारण नाही. सासूबाईंशी आम्ही बोलावं असं वाटत असेल तर सांगा. बोलू, पण तुमच्या बाजूने बोलू.

11. विश्वास आहे तर औषधांवर एवढा भर कशाला? नातेवाईक म्हणतात घरी न्या, उपास-प्रार्थना करू.

नेऊ नका. 1963 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला आणि 39 तासांत गेला. फुप्फुसं उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ कमी होता, आणि तो बाहेरून द्यायची सोय तेव्हा नव्हती. प्रार्थना करणारे कमी नव्हते. जपानमध्ये फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा उपचार यशस्वी केल्याचं 1980 मध्ये प्रसिद्ध झालं. आज त्या आठवड्यांची बहुतेक बाळं घरी जातात. हा उपचार ज्यांनी शोधला त्यांच्या हातातून देव काम करत नव्हता, असं मला म्हणवत नाही.

12. पाळक येऊन तेल लावून प्रार्थना करू शकतात का? मेणबत्ती?

पाळक किंवा फादर येऊ शकतात, सिस्टरना आधी विचारून, एका वेळी एकच. तेल बाळाला नको: त्वचा नाजूक, आणि ऑक्सिजन चालू असताना तेलकट पदार्थ धोक्याचा. आम्ही सुचवतो की तेल आईच्या किंवा वडिलांच्या कपाळाला लावावं, आणि बाळाकडे नुसता हात करावा. मेणबत्ती, उदबत्ती, काडेपेटी अजिबात नाही. ऑक्सिजनजवळ ठिणगी नको.

13. बाळाची तब्येत अचानक बिघडली आणि फादर पोचले नाहीत तर बाप्तिस्मा कोण देणार?

कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे (कॅनन 861) अशा निकडीच्या वेळी योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती देऊ शकते. सिस्टर, आजी, तुम्ही स्वतः. कपाळावर थोडं पाणी आणि "मी तुझा बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने करतो/करते" एवढे शब्द, आधी नाव घेऊन. पाणी निर्जंतुक हवं, ते सिस्टरकडे असतं. छोट्या सिरिंजमधून काही थेंब पुरतात. पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्याही असंच मानतात. नंतर पॅरिशला, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चला, कळवून नोंद करून घ्या.

तुमची मंडळी बालबाप्तिस्मा मानत नसेल तर अर्पणाची किंवा आशीर्वादाची प्रार्थना. आई एका पंथाची, वडील दुसऱ्या, आणि दोघांत एकमत नाही, असंही होतं. निर्णय आम्ही देत नाही. मात्र आई-वडिलांच्या संमतीशिवाय आमच्यातलं कोणीही बाप्तिस्मा देणार नाही, कितीही निकड असो.

14. चर्चच्या प्रार्थना ग्रुपवर बाळाचा फोटो टाकला तर चालेल का? जास्त लोक प्रार्थना करतील.

तुम्ही टाकायचा तर टाका, तुमचं बाळ आहे. फ्रेममध्ये शेजारच्या पेटीतलं बाळ किंवा नावाची पट्टी येत नाही ना तेवढं बघा. पण नातेवाईक, मित्र, आणि आमचे स्वयंसेवक यांनी न विचारता टाकू नये. नावही नको, वजनही नको. एका आईला तिच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचं डॉक्टरांकडून कळायच्या आधी ग्रुपवरून कळलं होतं. "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं. देवाला पत्ता लागत नाही.

15. टोप्या विणून पाठवायच्या आहेत. खेळणीही आहेत.

टोप्या हव्यात: मऊ सुती धागा, बटणं-मणी-गोंडे नकोत, धुऊन पाठवा, आणि संत्र्याएवढ्या डोक्याच्याही काही विणा. कोणी एवढ्या छोट्या विणत नाही. खेळणी नकोत. पेटीत ती ठेवता येत नाहीत आणि घरीही झोपताना बाळाजवळ नसावीत.

16. मैत्रिणीचं बाळ आत आहे. तिला काय बोलू?

बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प जमिनीवर बसले (ईयोब 2). तोपर्यंत सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

"काही लागलं तर सांग" म्हणू नका, ती सांगणार नाही. "गुरुवारी सात वाजता डबा दारात ठेवते, भेटायची गरज नाही" असं म्हणा. "देव सोसवेल तेवढंच देतो" हे नको. "निदान बाळ जिवंत आहे" तर नकोच नको. बाळाचं नाव ठेवलं असेल तर नावाने विचारा, आणि जन्म झाल्याबद्दल अभिनंदन करा. ते करायचं सगळे विसरतात.

17. जुळ्यांपैकी एक गेला, दुसरा आत आहे. रडू की आशा धरू?

दोन्ही एकाच दुपारी होतं, आणि कुठल्याही एकाचा अपराधीपणा धरू नका. "एक तरी आहे ना" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला बांधील नाही आहात. आम्ही दोन्ही बाळांची नावं घेतो, प्रत्येक वेळी. पेटीवर जुळ्यांतलं असल्याची एखादी छोटी खूण लावता येईल का ते सिस्टरना विचारा, म्हणजे नवीन शिफ्टचं माणूस नकळत काही बोलून जात नाही.

18. डॉक्टर म्हणतात आता उपचारांचा उपयोग नाही. यंत्र काढायला हो म्हटलं तर आम्ही देवाच्या आड येतो का?

निर्णय आम्ही सांगणार नाही, आणि कोणी स्वयंसेवक सांगत असेल तर त्याला थांबवा. पण जे ख्रिस्ती नीतिशास्त्र मला माहीत आहे त्यात मारणं आणि मरणाला आणखी न लांबवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फक्त त्रास वाढवणारे उपचार घेतलेच पाहिजेत असं कॅथलिक शिकवणही सांगत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागायचा हक्क तुम्हाला आहे. वेळ मागा. यंत्र काढल्यावर बाळाला वेदना होऊ नयेत म्हणून काय करणार ते विचारा. ते तुमच्या कुशीत असेल का, नळ्यांशिवाय फोटो काढता येईल का, हातापायाचे ठसे घेता येतील का, तेही विचारा. या गोष्टी नंतर मागता येत नाहीत, म्हणून आधी लिहितेय.

19. बाळ गेलं. बाप्तिस्मा राहून गेला.

बाप्तिस्मा जिवंतांसाठी असतो, मृत बाळाला देत नाहीत. प्रार्थना, नाव देणं, दफनविधी हे सगळं होतं. तो राहिला म्हणून बाळाचं काही बिघडलं असं मानू नका. कॅथलिक धर्मशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2007 मध्ये याच प्रश्नावर दस्तऐवज काढला आणि अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत असं म्हटलं. बहुतेक प्रोटेस्टंट परंपराही त्यांना देवाच्या दयेवर सोपवतात.

आम्ही येतो, दफनालाही येतो. नंतरही येतो. दूध येणं थांबवायचं कसं हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नाही, पण शरीराला बातमी पोचलेली नसते. त्याबद्दल सिस्टरशी बोलून घ्या.

20. डिस्चार्ज मिळाला, आणि आता जास्त भीती वाटते.

यंत्राचा आवाज गेला की झोप उडते, हे जवळपास सगळ्यांचं होतं. आत मॉनिटरवर असताना बाळाला पोटावर झोपवलं असेल, घरी मात्र पाठीवरच. वाढ बघताना सुधारित वय धरा: 30 व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ 10 आठवडे आधी आलेलं असतं, म्हणून सहा महिन्यांचं असताना त्याच्याकडून पावणेचार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा करायची. साधारण दोन वर्षांपर्यंत असं मोजतात. लसी मात्र साधारणपणे जन्मतारखेवरून ठरतात, त्यातले अपवाद डॉक्टर सांगतील. डोळ्यांची आणि कानांची तपासणी चुकवू नका. बाळ नीट दिसतंय म्हणून पुष्कळ जण तीच चुकवतात.

21. मलाही स्वयंसेविका व्हायचंय. माझं बाळ आत होतं.

बाळ घरी आलेलं असो की नसो, निदान एक वर्ष जाऊ द्या. दुसऱ्याच्या मॉनिटरचा आवाज ऐकून तुमचे पाय गळतात का ते आधी बघू. पहिले काही महिने डबे आणि गाडी, मग व्हरांडा. लसीकरण पूर्ण हवं, सेंट-अत्तर नको, नखं कापलेली, आणि स्वतःच्या बाळाची गोष्ट कोणी विचारल्याशिवाय सांगायची नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण, आणि त्यात मी अजूनही चुकते.

22. आज माझी ड्यूटी आहे पण थोडी सर्दी झालीये. मास्क लावून आले तर?

नाही. आत्ता फोन करा, दुसरं कोणी जाईल.